ओझे कोणाचे, वाट कोणाची?

प्रवासात आपले ओझे दुसऱ्याने वाहिले तर तो प्रवास आपला म्हणावा की नाही, अशी एक शंका आमच्याकडे आली आहे. शंका विचारणारे गृहस्थ वयोवृद्ध विणेकरी आहेत आणि त्यांचा अधिकार मोठा आहे. अलीकडे काही वर्षे आषाढीच्या आधी पुण्याहून, नाशिकहून आणि इतरही गावांहून सायकलीवर बसून पंढरपुरास जाणाऱ्यांच्या टोळ्या त्यांच्या दृष्टीस पडतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात एकसारखे रंगीत सदरे, आणि मागून हळूहळू येणारा टेम्पो. टेम्पोत सर्वांच्या पिशव्या, पाण्याचे जार, केळ्यांचे घड, जादा टायर-ट्यूब, हवा भरायचा पंप. बाबांनी हे पाहिले आणि आपल्या रोखठोक बोलीत म्हणाले, "ओझं टेम्पोत अन् पुण्य पोतडीत! असं कुठं असतंय व्हय?"

टोला झणझणीत आहे, ऐकताना हसूही येते. परंतु बाबांच्या चरणी नम्रपणे एवढेच विचारावेसे वाटते की, बाबा, आपल्या दिंडीचा ट्रक पहाटे पुढे निघून जातो तो काय रिकामा जातो? त्यात आपली वळकटी असते, तंबू असतात, पिठाची पोती असतात, भाकरी थापणाऱ्या मायमाउल्यांच्या पराती असतात. आपण मुक्कामी पोचेपर्यंत कोणी तरी चूल पेटवलेली असते. म्हणजे हा प्रश्न सायकलवाल्यांपुरता राहत नाही. पायी चालणाऱ्या आपणा सर्वांच्या दारात तो येऊन उभा राहतो. म्हणून हसण्यावारी न नेता थोडे खोलात जाऊन पाहू. उदाहरण मात्र सायकलीचेच घेऊ, कारण या प्रश्नाचा काथ्याकूट सायकलवाल्यांनी आपल्या परीने शंभर-सव्वाशे वर्षे केलेला आहे.

फ्रान्स देशात १९०३ सालापासून सबंध देशाला वळसा घालणारी एक सायकलशर्यत होत आली आहे. 'तूर द फ्रान्स' हे तिचे नाव वर्तमानपत्रांमुळे आपल्याकडेही माहीत झाले आहे. आरंभीच्या काळात आंरी देग्रांज हे तिचे चालक होते. त्यांचा कटाक्ष असा की, शर्यतीतल्या माणसाने जे काय करायचे ते आपल्या दोन हातांनी करावे; सायकल मोडली तर तीही आपणच दुरुस्त करावी. १९१३ साली युजेन क्रिस्तोफ नावाचा एक कसलेला स्वार पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरत होता. पुढचे चाक ज्या चिमट्यात बसते तो चिमटाच मोडला. सायकल घेऊन हा गडी दहा किलोमीटरांहून अधिक वाट चालत खाली सेंत-मारी-द-काँपाँ या गावी आला. तिथे लोहाराची भट्टी होती, पण नियम आडवा. पंच डोळ्यांत तेल घालून पाहत बसलेले. क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, स्वतः ठोकले, चिमटा सांधला. यात तासन् तास गेले. पण माणसाला हात दोनच. एक लोखंडावर, दुसरा हातोड्यावर. मग भाता कोणी चालवायचा? तिथल्या सात वर्षांच्या एका पोराने भाता ओढला. तेवढ्याबद्दल पंचांनी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड ठोठावला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला. तरीही तो पॅरिसला पोचला आणि त्या साली सातवा आला.

आता सांगा, तो चिमटा कोणाचा? क्रिस्तोफचा म्हणावा, तर भट्टी त्याने बांधली नव्हती, ऐरण त्याची नव्हती, कोळसा त्याने आणला नव्हता. पंचांनी भाता ओढणारे पोर मोजले. भट्टी बांधणारा मोजला नाही. 'केवळ स्वबळावर' म्हणून जी रेघ आपण ओढतो, ती कुठे तरी माणसानेच ओढलेली असते. रेघेच्या अलीकडची मदत आपल्याला दिसते आणि पलीकडची दिसत नाही, एवढेच.

ही गोष्ट ऐकून देग्रांज यांना कठोर म्हणून मोकळे व्हावेसे वाटेल. पण गंमत अशी की, याच गृहस्थांनी १९०४ साली फ्रान्समध्ये 'ओदाक्स' नावाच्या सायकलसहली चालू केल्या. त्यांत शर्यत नाही. सर्वांनी एका चालीने, कप्तानाच्या मागोमाग जायचे; आज ही चाल ताशी साडेबावीस किलोमीटर ठरलेली आहे. अंगात रग आहे म्हणून कप्तानाच्या पुढे पळायची मुभा नाही. एकाच माणसाने एकीकडे भात्यावरच्या पोराचा हिशेब धरला आणि दुसरीकडे सर्वांना एका चालीत बांधले. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. शर्यतीत अमक्याचे बळ तमक्याहून किती अधिक हे मोजायचे असते. तिथे भाता मोजावाच लागतो, नाही तर मापच खोटे ठरेल. सहप्रवासात मोजायचे काही नसते, पोचायचे असते. बाबांची शंका शर्यतीचा गज घेऊन यात्रा मोजायला निघाली आहे, असे आम्हांस वाटते.

एवढ्याने शंका फिटली असे मात्र नाही. यात्रा झाली तरी 'मी गेलो' या शब्दांना काही अर्थ हवा. सबंध वाट टेम्पोत झोपून गेलेला आणि सबंध वाट पायडल मारत गेलेला, दोघेही 'मी सायकलने गेलो' म्हणू लागले तर शब्द फुकट गेला. तेव्हा मदत किती घ्यावी आणि कशी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी एका दूरच्या यात्रेची हकीकत सांगतो.

अमेरिकेच्या मध्यावर आयोवा म्हणून मक्याच्या शेतांचे राज्य आहे. त्याच्या पश्चिमेस मिसुरी नदी, पूर्वेस मिसिसिपी. १९७३ च्या ऑगस्टात तिथल्या डे मॉइन शहरातील 'रजिस्टर' या वृत्तपत्राचे दोन लेखक, जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल, यांनी सू सिटीपासून डॅव्हनपोर्टपर्यंत राज्य आडवे पार करायचे ठरवले आणि वाचकांना म्हटले, यायचे तर या. तीनशेच्या आसपास लोक जमले. सबंध वाट ११४ जणांनी पुरी केली. त्यांत क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे ८३ वर्षांचे गृहस्थ होते. बायकांची सायकल, डोक्यावर शिकाऱ्यासारखा टोप, आणि भर उन्हाळ्यात अंगभर कपडे. तरणी पोरे माघारी गेली आणि हे आजोबा मिसिसिपीपर्यंत पोचले. त्यांची कथा वर्तमानपत्रात रोज येऊ लागली आणि सगळे राज्य त्यांची वाट पाहू लागले.

तेव्हापासून ही यात्रा दरवर्षी भरते. २०२० साली महामारीमुळे तेवढा खंड पडला, म्हणून पन्नासावी यात्रा २०२३ साली झाली आणि ती पुन्हा सू सिटीहून डॅव्हनपोर्टलाच गेली. जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा, सात दिवस, सरासरीने साडेसातशे किलोमीटरांची वाट. निघताना सायकलीचे मागचे चाक पश्चिमेच्या नदीत बुडवायचे आणि पोचल्यावर पुढचे चाक पूर्वेच्या नदीत. तिथे देव नाही, देऊळ नाही. पण पाण्याला स्पर्श केल्यावाचून प्रवासाचे तोंड आणि शेवट होत नाही, ही गोष्ट चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहिलेल्या माणसास समजावून सांगावी लागणार नाही. वाट दरवर्षी बदलते. जानेवारीत मुक्कामाची गावे जाहीर होतात आणि त्या गावांत लगबग उडते. काही शे वस्तीच्या खेड्यातून एका दिवसात हजारो सायकली जायच्या असतात. लोक आपल्या अंगणातल्या हिरवळीवर तंबू टाकू देतात. चर्चमधल्या बायका फळांचे सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा पदार्थ करतात, पोरे लिंबाचे सरबत घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात. फुकट नव्हे, पैसे घेऊन. त्या पैशांतून गावच्या शाळेचे, आग विझवणाऱ्या बंबाचे, चर्चचे काम चालते. आम्हांस यात कमीपणा वाटत नाही. घेणाऱ्याला लाजायला नको आणि देणाऱ्याला मिरवायला नको, असा हा व्यवहार आहे. बाकी तिथे सारेच सोवळे असते असे समजू नये. वाटेत बियर ढोसत जाणारेही पुष्कळ असतात. तो भाग घेण्याजोगा नाही.

यात्रेकरूंच्या पिशव्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जातात. प्रत्येकाने एकच पिशवी द्यावी आणि तिचे वजन ठरल्याहून अधिक असू नये, असा नियम आहे. शिवाय थकलेल्या, पडलेल्या, सायकल मोडलेल्या माणसास उचलून घेणारी गाडी वाटेवर फिरत असते. आमच्या बाबांनी ही यात्रा पाहिली असती तर तीच पोतडीची म्हण त्यांनी तिथेही ऐकवली असती. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नसती. पिशवी ट्रकमध्ये टाकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालेला नसतो. समोर चढ असतो. आयोवा सपाट आहे अशी समजूत करून गेलेले लोक पहिल्याच दिवशी शहाणे होतात. तिथली जमीन लाटांसारखी आहे, एक टेकाड उतरले की दुसरे उभे. ते टेकाड ट्रकमध्ये घालता येत नाही. वारा समोरून आला तर तो ट्रकमध्ये घालता येत नाही. सीटवर बसून बसून बुडाला आलेले फोड, तेही नाही.

इथे तयारीचा विषय येतो. आपल्याकडे पुष्कळ मंडळी म्हणतात, "टेम्पो आहे ना मागं, मग कसली तयारी?" आमचे मत बरोबर उलट आहे. मागे टेम्पो असेल तर तयारी अधिक हवी. एकटा निघालेला माणूस तयारीवाचून गेला आणि रस्त्यात बसला, तर तो आपले तो भोगतो. टोळीत तो बसला की पंधरा माणसे बसतात. टेम्पो त्याच्यापाशी थांबतो आणि तीन किलोमीटर पुढे दुसऱ्या कोणाचे पाणी संपलेले असते. आपली तयारी म्हणजे सेवेकऱ्यांवर केलेली दया आहे. जो तयारी न करता 'माउली पाहून घेईल' म्हणतो, त्याला प्रत्यक्षात टेम्पोचा ड्रायव्हर पाहून घेत असतो.

तयारी फार अवघड आहे असेही नाही. दोन-अडीच महिने आधी आरंभ करावा. प्रथम वीस किलोमीटर, मग तीस, मग पन्नास, असे आठवड्या-आठवड्याने वाढवीत न्यावे. एकदम उडी मारू नये. आणि शनिवारी लांब जाऊन आल्यावर रविवारी पुन्हा निघावे. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळची. दुखऱ्या मांड्यांनी, दुखऱ्या बुडाने पुन्हा त्याच सीटवर बसणे हे ज्याला जमले त्याला पुढचे सगळे जमते. सीटची उंची नीट लावून घ्यावी. टाच पायडलवर ठेवून पाय पार खाली नेला तर गुडघा सरळ व्हावा, म्हणजे पंजा ठेवून चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असली की गुडघे बोलू लागतात, आणि गुडघे एकदा बोलू लागले की दुसरे काही ऐकू येत नाही. आत गादी शिवलेली सायकलची चड्डी मिळते, ती घ्यावी. तिच्या आत दुसरे वस्त्र नको, शिवणी घासतात. लाजण्याजोगे यात काही नाही. नवे बूट, नवी सीट, नवे कपडे यात्रेच्या दिवशी प्रथम वापरू नयेत. आपले पंक्चर आपल्याला काढता यावे, निदान ट्यूब बदलता यावी. टेम्पोत मिस्त्री असला तरी.

खाण्यापिण्याचे म्हणाल तर भूक लागण्याआधी थोडे थोडे खावे. केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, दशमी. भूक लागल्यावर खाल्ले तर ते पायांत उतरायला फार वेळ लागतो. उन्हात घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. म्हणून नुसते पाणी ढसाढसा पिऊन भागत नाही, उलट ते अति झाले तर बाधते; लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी किंवा ताक मधून मधून घ्यावे. ही सारी माहिती बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. ठाऊक असून न करणे हाच आपला मोठा रोग आहे.

आता आनंदाचे दोन शब्द, नाही तर कोणी म्हणेल की हे नुसते कष्टाचे पुराण झाले. पहाटे पाचला, अजून रस्ता थंड आहे, पंधरा सायकलींच्या चेनची बारीक कुरकुर एका लयीत चालली आहे, उसाच्या शेतावरून ओला वास येतो आहे, अशा वेळी बोलावेसे वाटत नाही आणि गप्प राहण्याचा त्रासही होत नाही. मोटारीतून जाताना गावाच्या नावाची पाटी दिसते. सायकलवरून गावातल्या म्हातारीचा "कुठलं रं पोरांनो?" हा प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर द्यायलाही वेळ मिळतो. मंडळी मोठ्याने सांगत जातात, "खड्डा!", "मागून गाडी!", "दगड!" पुढच्याने पाहिलेला खड्डा एका क्षणात शेवटच्यापर्यंत पोचतो. शेवटच्याने तो खड्डा पाहिलेलाच नसतो आणि तरी तो त्यातून वाचतो. हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

आणि वाऱ्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलवाल्याचे बहुतेक बळ हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या पाठीशी लागून चालले तर मागच्याला वाऱ्याचा मार पुष्कळ कमी बसतो. त्याचे पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक श्रम वाचतात. म्हणून जाणती मंडळी पाळी लावतात. थोडा वेळ एकाने वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला होऊन शेपटीला जायचे, दुसऱ्याने पुढे यायचे. (नवख्यांनी मात्र फार जवळ लागू नये, पुढच्याने ब्रेक दाबला की सगळी रांग कोसळते.) आता पाहा, रांगेतला मधला माणूस म्हणतो, 'मी स्वतःच्या पायांनी चाललो, टेम्पोला शिवलोही नाही.' खरे आहे. पण त्याने चाळीस किलोमीटर दुसऱ्याच्या पाठीची सावली खाल्ली, ती कोणत्या वहीत लिहायची? टेम्पोची मदत डोळ्यांना दिसते म्हणून तिची आपल्याला लाज वाटते. पाठीची मदत दिसत नाही, म्हणून तिचा गर्व होतो. विणेकरीबाबांनाही आमची विनंती आहे की दिंडीत चालताना मागच्या टाळकऱ्यांचा ठेका थांबला तर आपले पाय किती वेळ तसेच पडतील, हे एकदा त्यांनी पाहावे.

मूळ शंकेला खरी धार आली ती एका प्रसंगामुळे. पुण्याहून एका दिवसात पंढरपूर गाठणारी एक टोळी होती. वाट दोनशे किलोमीटरांहून अधिक. वयामुळे आम्ही सायकलीवर नव्हतो, टेम्पोत केळी वाटायला होतो. टोळीत अडुसष्ट वर्षांचे एक काका होते. गेली चार वर्षे ते न चुकता येत होते. इंदापूर सोडल्यावर दुपारच्या उन्हात त्यांची सायकल डावी-उजवी डुलू लागली. पाणी देताना आम्ही विचारले, "काका, बरं वाटतंय ना?" ते म्हणाले, "हो, सासवड आलं की थांबू." सासवड त्या वाटेवर नव्हतेच. टोळीची म्होरकी एक तिशीतली मुलगी होती, पेशाने परिचारिका. तिने हे उत्तर ऐकले मात्र आणि आपली सायकल टाकून धावली.

"काका, उतरा. सायकल द्या इकडं."

"अगं पोरी, पंढरी हाकेवर आली. आता टेम्पोत बसलो तर घरी काय सांगू?"

"घरी सांगायला घरी पोचायला नको का? उतरा म्हणते ना."

काका हँडल सोडेनात. शेवटी दोघा-तिघांनी त्यांना धरून कडुलिंबाखाली आडवे केले, डोक्यावर-मानेवर पाणी ओतले, ओली फडकी काखेत ठेवली, वारा घातला. उन्हाचा चटका मेंदूला लागला की माणूस असंबद्ध बोलू लागतो; त्या वेळी गेलेली दहा मिनिटे जीव घेऊ शकतात, असे तिने नंतर सांगितले. पाऊण तासाने काका शुद्धीवर बोलू लागले. डॉक्टरांनी तपासले, मग ते टेम्पोतच बसून पंढरपुरास आले. संध्याकाळी सर्वांचे छायाचित्र काढायचे होते, त्यात ते उभे राहिले नाहीत. म्हणाले, "माझी मोडली."

त्याच टोळीत एक तरुण होता. त्याची चेन तुटली तेव्हा तो बारा-तेरा किलोमीटर टेम्पोत बसून पुढे आला होता. त्यात वावगे काही नव्हते. पण पदक घेताना तो काही बोलला नाही, आणि रात्री फोनवर घरी सांगताना आम्ही ऐकले, "सगळं मारलं, एक मीटर सोडला नाही." आम्ही काही बोललो नाही. बोलण्याची ती जागा नव्हती.

आता आमच्यापुढे प्रश्न असा की, मोडली कोणाची? काकांची मोडली असे आम्हांस मुळीच वाटत नाही. ते पायांनी जिथवर गेले तिथवर गेले, आणि तेवढेच त्यांनी सांगितले. मदत घेण्याने प्रवास खोटा होत नाही. घेतलेली मदत झाकण्याने होतो. तरुणाला त्या बारा किलोमीटरांनी काही केले नसते. 'चेन तुटली होती, थोडं टेम्पोत आलो' एवढे वाक्य त्याला जड गेले, आणि ते ओझे उचलून घेईल असा टेम्पो अजून निघालेला नाही.

पण काकांनाही आम्ही पूर्णपणे सोडू इच्छित नाही. हँडल घट्ट धरून बसण्यात निष्ठा होती यात संशय नाही. ऊन डोक्यात गेलेल्या माणसाचा त्या घटकेचा दोष धरणेही बरोबर नव्हे. परंतु 'टेम्पोत बसलो म्हणजे मोडली' हा विचार त्यांच्या मनात उन्हाने घातलेला नव्हता. तो घरून निघतानाच बांधून आणलेला होता. काही वाचक म्हणतील, ज्याचे शरीर त्याचा निश्चय. पडायचे तर पडू द्यावे. एकटा माणूस आपल्या जिवावर निघाला असता तर आम्ही थोडे थांबून विचार केला असता. पण काका एकटे नव्हते. सकाळपासून त्यांनी टोळीचे पाणी प्यायले, टोळीची केळी खाल्ली, पुढच्यांच्या पाठीची सावली घेतली. त्यात गैर काही नाही, तेवढ्यासाठीच टोळी असते. मात्र ज्याचा आधार घेतला त्याने 'उतर' म्हटल्यावर उतरणे, हाही त्याच आधाराचा भाग आहे. पाणी घेईन पण ऐकणार नाही, असे म्हणणे म्हणजे सेवेकऱ्याला गडी समजणे झाले. म्होरक्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. काका तिच्यासमोर कोसळले असते तर ती पुढच्या साली कोणत्या तोंडाने टोळी काढणार होती? आपला हट्ट कधी कधी दुसऱ्याच्या जन्माचे ओझे होतो, आणि मग ओझे कोणी वाहिले हा बाबांचा प्रश्न भलत्याच अंगाने पुढे येतो.

यावर कोणी म्हणेल, मग म्होरक्याच्या हाती सगळे द्यायचे काय? सगळे नव्हे. किती वेगाने जावे, कुठे जेवावे, यावर भांडायला पुष्कळ जागा आहे आणि मंडळी भांडतातही. जिवाचा प्रश्न आला की मात्र चर्चा नको. ही गोष्ट निघण्यापूर्वी, सावलीत, शांत डोक्याने सर्वांकडून कबूल करून घ्यावी. उन्हात कबूल करून घेता येत नाही.

राहता राहिला टेम्पोवाला. त्याच्याबद्दल कोणी शंकाच विचारत नाही. तो दोनशे किलोमीटर ताशी वीसच्या वेगाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एका पायाने क्लच दाबत येतो. मागून ट्रकवाले शिव्या देतात त्या तो खातो. संध्याकाळी सायकलवाल्यांचे पाय चेपायला माणसे असतात, याचे कोणी चेपत नाही. छायाचित्रात तो नसतो, कारण बहुधा तोच छायाचित्र काढत असतो. त्याने वाट केली की नाही? बाबांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांचे ओझे त्याच्याकडे, तर सगळ्यांचे पुण्यही त्याच्याच पोतडीत जायला हवे.

वरच्या प्रसंगानंतर त्या टोळीने एक नवी रीत घातली आहे. दर साली टोळीतल्याच दोघांनी सायकल घरी ठेवून टेम्पोवर यायचे. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने पाणी-केळी आणि औषधाची पेटी पाहायची. तक्रारी झाल्याच. "वर्षभर तयारी करायची आणि टेम्पोत बसायचं व्हय?" असे म्हणणारे निघाले, त्यांत पदकवाला तरुणही होता. पण चिठ्ठ्या टाकून नावे निघतात आणि ज्याचे निघते तो येतो. यंदा पहिलीच चिठ्ठी काकांची निघाली. गाडी त्यांना चालवता येत नाही, म्हणून पाणी आणि औषधपेटी त्यांच्याकडे आहे. गेल्या महिन्यात ते एस.टी.ने मुद्दाम त्या वाटेने जाऊन आले. भिगवणपासून टेंभुर्णीपर्यंत रस्त्याकडेला सावलीची झाडे कुठे कुठे उरली आहेत ते त्यांनी वहीत टिपून आणले आहे, आणि कोणत्या झाडाखाली किती सायकली मावतील तेही समोर लिहिले आहे.